न तापवता कुरळे केलेले केस टिकतात का? आपापले अनुभव सांगावेत

गेल्या आठवड्यात माळा आवरताना आईच्या ट्रंकेत एक कापडी पिशवी सापडली. तिच्यात जुन्या नऊवारी लुगड्याच्या पंधरा-वीस चिंध्या होत्या आणि त्या हातात घेताच १९८६ सालचे आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन डोळ्यांपुढे उभे राहिले. आदल्या रात्री आत्याने माझ्या ओल्या केसांची एकेक बट चिंधीवर गुंडाळून टाळूपाशी गाठी मारल्या होत्या, आणि डोके उशीवर नेमके कोणत्या बाजूने टेकवावे या विवंचनेत मी अर्धी रात्र जागून काढली होती. सकाळी गाठी सोडल्या तेव्हा आरशातली मुलगी माझी मलाच ओळखू येईना. आमचे नृत्य सातवे होते. पाचव्या क्रमांकाचे नाटुकले संपेपर्यंत निम्म्या बटा उलगडल्या होत्या, आणि रंगमंचावर गेले तेव्हा केस नेहमीसारखे सुतळीइतके सरळ झाले होते.

आता भाचीचे लग्न मे महिन्यात चिपळूणला आहे. तिचे केस थेट माझ्या वळणावर, म्हणजे वळण नसलेलेच, गेले आहेत आणि तापलेल्या यंत्राला ती हात लावू देत नाही. ज्यांना हे जमले असेल त्यांनी कृपया लिहावे.

शिकेकाई
आत्याबाईंची चूक एकच झाली: केस ओले होते. आमच्या आईनेही तेच केले आणि पुढे माझ्या मुलीवर मीही तेच केले. गुंडाळलेल्या बटेच्या पोटातला ओलावा रात्रभरात जात नाही. वरून हात लावला तर कोरडे लागते आणि आत गारवा असतो. हल्ली मी केस वाऱ्यावर जवळजवळ पूर्ण सुकू देते, हाताला जेमतेम दमट लागतील इतकेच ठेवते, आणि मग गुंडाळते.

प्रयोगवही
वरील प्रतिसादामागचे कारण सांगते, कारण अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवण्यात माझी बावीस वर्षे गेली आहेत. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात. त्यातले हायड्रोजन बंध पाण्याने तुटतात आणि केस सुकताना ज्या आकारात असतील त्याच आकारात पुन्हा जुळतात. म्हणून बट ओली असताना सोडली तर ती सरळच सुकणार. केसांचा मूळ आकार धरून ठेवणाऱ्या मजबूत डायसल्फाइड बंधांना मात्र पाणी हात लावत नाही, त्यासाठी पार्लरमधले रसायन लागते. थोडक्यात, घरी केलेले कुरळे हे पाण्याने दिलेले असतात आणि हवेतले पाणीच ते परत घेऊन जाते. चिपळूण आणि मे महिना हे वाचून मला भाचीची काळजी वाटली.

खाडीकाठ
काळजी रास्त आहे. मी रत्नागिरीची, त्यामुळे जुलैत असले प्रयोग करण्याचा विचारही मनात आणत नाही. मेमध्येही सकाळी दहाच्या मुहूर्तासाठी केस सहाला सोडू नयेत. पदर लावून, दागिने घालून झाल्यावर सर्वांत शेवटी गाठी सोडाव्यात, आणि तोवर नवरीने पंख्याखाली बसावे. माझ्या धाकट्या जावेने वरातीच्या आधी तीन तास केस मोकळे केले होते. फोटोत त्या कुरळ्यांचा मागमूसही नाही.

पाचपेडी
परकराची नवी नाडी. बाजारातल्या सॅटिनच्या गुबगुबीत दांडीपेक्षा तिचा मला अधिक उपयोग झाला, कारण दांडी जाड असल्याने सरळ केसांना नुसता बाक येतो आणि तो तासाभरात जातो. आपल्याला हवा त्यापेक्षा निम्म्या घेराचा कुरळा पाडावा. तो सैल होत होत दुपारपर्यंत हवा तसा होतो. बटाही करंगळीएवढ्याच घ्याव्यात. माझ्या केसांना अठ्ठावीस बटा लागतात आणि नवऱ्याला ती कथकलीची तयारी वाटते.

आजीचा नातू
मी नागपूरचा असून नऊ वर्षांच्या मुलीचा बाप आहे, एवढाच माझा अधिकार. साड्यांना खळ घालतात तशी केसांना घातली तर आकार टिकेल, असा तर्क करून मी पातळ पेज गाळून तिच्या बटांना लावली होती. आकार खरोखर टिकला. परंतु शाळेत पोहोचेपर्यंत पेज सुकून तिच्या खांद्यांवर पांढरा भुगा पडू लागला, आणि वर्गशिक्षिकेने कोंड्यावरचे औषध सुचवणारी चिठ्ठी पाठवली. मुलगी अजून माझ्याशी या विषयावर बोलत नाही.

प्रयोगवही
@आजीचा नातू, तर्क चुकला नव्हता, प्रमाण चुकले.

गुंतागुंत
माझे केस जन्मजात कुरळे आहेत आणि ते सरळ व्हावेत म्हणून मी निम्मे आयुष्य खर्ची घातले, तेव्हा हा धागा वाचून करमणूक झाली. तरीही पेजेऐवजी एक उपाय देते. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मध्यम आचेवर ढवळत उकळावे, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार येऊ लागली की उतरवावे आणि गरम असतानाच गाळावे, कारण गार झाल्यावर ते गाळणीतून उतरत नाही. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावे. गुंडाळण्यापूर्वी प्रत्येक बटेला बोटभर पुरते. जास्त लावल्यास केस सुकत नाहीत आणि आपण पुन्हा शिकेकाईताईंच्या मुद्द्यावर येतो.

बर्फातली
टोरांटोच्या हिवाळ्यात, घर आतून तापवलेले असताना हवा इतकी कोरडी असते की माझे कुरळे दुसऱ्या दिवशीही टिकतात. मुंबईत माहेरी उतरले की टॅक्सीतच सरळ होतात. येथील अडचण वेगळी आहे. केसांत वीज भरते आणि टोपी काढली की ते चहूबाजूंनी उभे राहतात.

शिकेकाई
अजून एक राहिले. न्हाल्याच्या दिवशी, त्यातही कंडिशनर लावून मऊ केलेल्या केसांवर हे करू नये. असे केस बुळबुळीत होतात आणि बट निसटते. आदल्या दिवशी न्हालेले, किंचित चरबट केस आकार चांगला धरतात.

खाडीकाठ
आणि सोडल्यावर कंगवा लावू नये! बोटांना खोबरेलाचा एक थेंब चोळून बटा मोकळ्या कराव्यात.

लांबकेशी
माझे केस कंबरेखाली होते तोवर यातले काहीही चालले नाही, कारण केसांचे वजनच कुरळा ओढून खाली आणत असे. गेल्या वर्षी खांद्यापर्यंत, थरांत कापले आणि त्याच नाडीने, त्याच हातांनी केलेले कुरळे संध्याकाळपर्यंत राहिले. कापताना आई रडली हे खरे. एक सावधगिरी मात्र सांगते: टाळूपाशी करकचून बांधू नये. मी सलग दोन महिने रोज रात्री बांधत होते, तेव्हा कानशिलांजवळचे केस विरळ झाले आणि त्वचेच्या डॉक्टरांनी हा ताणाचा परिणाम असल्याचे सांगितले. बांधणे थांबवल्यावर ते हळूहळू परत आले.

चिंध्यांची पिशवी
सर्वांचे आभार. काल रात्री भाचीला बोलावून रंगीत तालीम केली. केस आदल्या दिवशीचे, किंचित दमट, जवसाचा गर लावलेले, नाडी परकराची आणि बटा चोवीस. अठ्ठाविसाव्यापर्यंत पोहोचण्याआधी माझी कंबर धरली. आज सकाळी नऊला सोडले. दुपारी तीनला मागच्या बटा शाबूत होत्या, कपाळाजवळच्या दोन मात्र घामाने सरळ झाल्या. तिथे मुंडावळ्या येणारच आहेत, असे ती म्हणाली.

पाचपेडी
मग अठ्ठावीसच्या खाली उतरू नका, ताई. कंबरेसाठी पाट घेऊन बसावे आणि नवरीला जमिनीवर बसवावे.