मदत हवी आहे: प्रेअरी डॉगच्या शिकारीसाठी .२०४ रुगर रायफल घ्यावी की .२२३?

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेतल्या साउथ डकोटात राहतो. ओळखीच्या रँचवर प्रेअरी डॉगांनी (बिळं करून राहणारे, खारीच्या कुळातले प्राणी) कुरणाची पार चाळण केली आहे. बिळांभोवती गवताचं पातं उरलेलं नाही. मालकाने शिकारीला बोलावलंय, परवानाही काढलाय. बोल्ट अ‍ॅक्शन रायफल घ्यायची आहे, पण घोडं कॅलिबरवर, म्हणजे कुठल्या मापाचं काडतूस यावर, अडलंय.

सध्या .१७ एचएमआर ही छोट्या काडतुसाची रायफल वापरतो. १७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं छोटं एकक) गोळी, वेग साधारण २५५० फूट प्रति सेकंद. शंभर-सव्वाशे यार्डांपर्यंत झकास. पण इथला वारा सुटला की त्यापुढे गोळी कुठल्या कुठे जाते. जनावराने जखमी होऊन बिळात शिरावं हे मला अजिबात पटत नाही. ते जागीच संपलं पाहिजे.

.२०४ रुगरमध्ये ३२ ग्रेनच्या गोळीला कंपनी ४२२५ वेग सांगते. रायफलचा धक्का इतका कमी की गोळी कुठे लागली ते स्कोपमधून (रायफलवरच्या दुर्बिणीतून) दिसतं म्हणे. .२२३ मध्ये ५५ ग्रेनला ३२४० च्या आसपास, पण काडतुसं स्वस्त आणि कुठेही मिळतात. .२२-२५० हे त्याहून जोरदार काडतूस नको; दिवसभराच्या शूटिंगमध्ये नळी फार तापते, लवकर झिजते.

माझा पल्ला २५० ते ३०० यार्ड. आडव्या वाऱ्यात .२०४ ची ४० ग्रेनची गोळी .२२३ च्या ५० ग्रेनपेक्षा खरंच कमी सरकते का? आणि .२२३ घेतली तर ट्विस्ट (नळीतल्या खाचांचा पीळ; १:१२ म्हणजे १२ इंचांत एक फेरा) १:१२ घ्यावा की १:८? पातळ जॅकेटच्या (बाहेरच्या धातूच्या आवरणाच्या) हलक्या गोळ्या वेगवान ट्विस्टमध्ये हवेतच फुटल्याचा अनुभव कुणाला आहे का? दोन्ही वापरलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.