स्वमग्न मुलाची शाळा: शॅडो टीचर की विशेष शाळा? सांगली-मिरजेच्या पालकांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा सात वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे. सांगलीत अनुदानित मराठी शाळेत पहिलीत जातो. बोलणं कमी आहे, पण वाचायला भारी आवडतं. दुकानांच्या पाट्या, एसटीचे बोर्ड, काही सोडत नाही. वर्गात गलका वाढला की मात्र कान झाकून बाकाखाली जाऊन बसतो. आता शाळेने तोंडी सांगितलंय, "पुढच्या वर्षी तुमच्या खर्चाने शॅडो टीचर (वर्गात फक्त त्याच्यासोबत बसून मदत करणारी व्यक्ती) ठेवा, नाहीतर स्पेशल शाळा बघा."

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मी वाचलाय. कलम 16 प्रमाणे मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेनुसार सोयी करायच्या. शिवाय प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर कलम 31 नुसार 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा आपण निवडू त्या विशेष शाळेत. त्याचं युडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) निघालंय. म्हणजे कागद आमच्या बाजूने आहेत. पण वर्गशिक्षिका मनाने चांगल्या आहेत, भरल्या वर्गात एकट्या किती बघणार? तक्रार पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे करता येते हे माहीत आहे, पण रोज ज्यांच्या हाती लेकरू सोपवायचं त्यांच्याशी वाकडं घ्यायला मन धजत नाही. भांडण न होता हे कुणी जमवलंय का? पहिली भेट कुणाची घेतलीत, लेखी काय मागितलंत?

समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक अनुदानित शाळेत येतात का? अर्ज मुख्याध्यापकांनी करायचा की आपण?

निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचंही विचारायचंय. वर्षाला एक लाखाचं संरक्षण आहे, त्यातून ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) आणि स्पीच थेरपीची बिलं प्रत्यक्षात कुणाला मिळाली आहेत का? बिलावर काय काय लिहून घ्यावं लागतं? आमचा पगार थेरपीतच जातो.

आणि खरं सांगायचं तर मला माणसं हवी आहेत. ह्यांची कुपवाडला रात्रपाळी असते. सासूबाई जीव लावतात, पण "मोठा झाला की बोलेल" यापुढे विषय जात नाही. लग्नकार्याला जाणं जवळजवळ बंद झालंय, कारण तिथे प्रत्येकजण मला शिस्तीचे धडे देतो. विश्रामबाग, मिरज, कुपवाड, माधवनगर, कुठेही अशी मुलं असलेले आईबाबा असतील तर रविवारी सकाळी आमराईत भेटूया. मुलांना घेऊनच या. कुणी ओरडलं, पळालं, जमिनीवर लोळलं तरी कुणाची माफी मागावी लागणार नाही.

कृपया औषधी काढे, अंगारे, 'पूर्ण बरं करणारे' वैद्य सुचवू नका.

शाळेत शनिवारी बैठक आहे. शाळेशी बोलणी केलेल्यांनी त्याआधी लिहिलं तर फार आधार होईल. इथे नको वाटलं तर व्यनि (खाजगी निरोप) करा.