एलएक्सक्यूटीवर सर्व्हिसेस बंद केल्या, आता पेनड्राइव्ह, प्रिंटर आणि डोंगल तिन्ही गप्प

वाचनकट्टा

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात चार जुने डेस्कटॉप आहेत. कोअर टू ड्युओ, 2 जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. मी त्यांवर डेबियन 12 (लिनक्स) आणि एलएक्सक्यूटी (त्याचा हलका डेस्कटॉप) टाकलं आणि दीड वर्ष छान चाललं. पोरं पेनड्राइव्हवर सराव प्रश्नपत्रिका घेऊन येतात, बायका बचत गटाचे अर्ज टाइप करतात, शेतकरी सातबारा छापून नेतात.

ब्राउझरमध्ये तीन-चार टॅब उघडले की मशीन अडकायचं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ही यंत्रं हलकी करायला बसले. नेटवर बंद करायच्या सर्व्हिसेसची (मागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामची) एक यादी मिळाली. आधी डिसेबल केल्या. पण छपाईचं कप्स रीस्टार्टनंतर परत हजर! म्हणून मग यादीतल्या सगळ्यांना मास्क केलं: कप्स (सर्व्हिस, सॉकेट आणि पाथ तिन्ही), कप्स-ब्राउझ्ड, अवाही, ब्लूटूथ, मोडेममॅनेजर, युडिस्क्स2. शिवाय सेशन सेटिंग्जमधल्या ऑटोस्टार्टमध्ये (लॉगिन होताच काय सुरू व्हायचं त्याची यादी) ज्याचा अर्थ लागला नाही त्याच्यापुढची खूण काढली.

आता परिस्थिती अशी:

पेनड्राइव्ह लावला तर काहीच उघडत नाही, फाइल मॅनेजरच्या डाव्या बाजूलाही दिसत नाही. पण टर्मिनलवर एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्क दाखवणारी कमांड) दिलं की एसडीबी1, म्हणजे तोच पेनड्राइव्ह, दिसतो.

छापायला गेलं की प्रिंटरच्या यादीत फक्त पीडीएफ. प्रिंटर यूएसबीचा जुना लेझर आहे.

माझ्या टेबलावरच्या मशीनला इंटरनेटचं डोंगल आहे, तेही नेटवर्कच्या यादीतून गेलं.

आणि एक विचित्र गोष्ट. माझ्या खात्यातून काही इन्स्टॉल करायला गेले तर पासवर्ड विचारणारी खिडकीच येत नाही, थेट 'परवानगी नाही'. त्याच मशीनवर माझं दुसरं, चाचणीसाठी ठेवलेलं खातं उघडलं तर खिडकी येते!

एवढं करून रिकाम्या डेस्कटॉपवर रॅम 430 वरून 390 एमबीवर आली. सोमवारपासून वाचनालय उघडायचं आहे आणि बारावीचे फॉर्म भरायला मुलं येणार आहेत. सगळं नव्याने टाकू का?

जुनं_हार्डवेअर

ताई, नव्याने काही टाकू नका. काही मोडलेलं नाही, फक्त दारं बंद आहेत. मी जुनी मशीन्स दुरुस्त करून शाळांना देतो, त्यामुळे हे दर महिन्याला बघतो.

तुमची 'विचित्र गोष्ट' हीच सगळ्यात कामाची खूण आहे. तुम्ही दोन वेगळ्या ठिकाणी हात घातलात. सर्व्हिसेस अख्ख्या मशीनच्या असतात, त्या सिस्टिमडी सांभाळतो. ऑटोस्टार्ट मात्र ज्याच्या त्याच्या खात्याचं असतं. एका खात्यात खिडकी येते आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे खोट सर्व्हिसमध्ये नाही, तुमच्या ऑटोस्टार्टमध्ये आहे. तुम्ही 'पोलकिट एजंट'ची खूण काढलीत. पासवर्ड विचारणारी खिडकी दाखवायचं काम त्याचंच. तो नसला की आतून परवानगी मागितली जाते, पण विचारायला कोणी नसतं, म्हणून थेट नकार.

खूण काढली की एलएक्सक्यूटी तुमच्या होम फोल्डरमधल्या डॉट कॉन्फिग, त्यातल्या ऑटोस्टार्ट फोल्डरमध्ये त्याच नावाची एक छोटी फाइल ठेवतो आणि तीत 'हिडन=ट्रू' लिहितो. मूळ फाइल ईटीसी/एक्सडीजी/ऑटोस्टार्टमध्ये जशीच्या तशी असते. म्हणून खूण परत लावा किंवा ती छोटी फाइल पुसा, मग लॉगआउट करून परत या. पॅनेल, नोटिफिकेशन, पॉवर मॅनेजमेंट, ग्लोबल की यांच्या खुणाही बघून घ्या.

आता मास्कचं. डिसेबल म्हणजे 'स्वतःहून येऊ नकोस'. मास्क म्हणजे 'बोलावलं तरी येऊ नकोस'. कप्स परत आलं त्यात काही चूक नव्हती. त्याचं सॉकेट दारावर बसलेलं असतं, कोणी छापायला मागितलं की ते कप्सला उठवतं. युडिस्क्स2 चंही तसंच, त्याला डी-बसवरून (प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात ती वाट) हाक येते. नुसतं डिसेबल केलं असतं तर पेनड्राइव्ह चाललाच असता. मास्क केल्यावर हाक कोणालाच पोचत नाही. एलएसबीएलकेमध्ये दिसतो कारण तेवढं कर्नलच (लिनक्सचा गाभा) सांगतो. उघडून दाखवणं हे युडिस्क्सचं काम.

आधी काय काय झाकलंय ते बघा:

सिस्टिमसीटीएल लिस्ट-युनिट-फाइल्स --स्टेट=मास्क्ड

काही नावं डेबियनने स्वतःच मास्क केलेली असतील, त्यांना हात लावू नका. तुमच्या यादीतली मात्र अनमास्क करा: युडिस्क्स2, कप्सची तिन्ही, मोडेममॅनेजर (तुमचं डोंगल तोच सांभाळतो). मग कप्स आणि मोडेममॅनेजर 'इनेबल --नाऊ' करा, आणि एकदा रीस्टार्ट. प्रिंटर नव्याने जोडावा लागणार नाही, त्याची नोंद ईटीसी/कप्समध्ये तशीच आहे.

अवाही (नेटवर्कवरची उपकरणं शोधणारी सर्व्हिस) जुन्या यूएसबी लेझरला लागत नाही. पुढे ड्रायव्हरशिवाय चालणारा नवा प्रिंटर घेतलात तर मात्र लागेल, म्हणून आत्ता त्यालाही अनमास्क करून नुसतं डिसेबलवर ठेवा, म्हणजे गरज पडली की इनेबल करता येईल. कप्स-ब्राउझ्ड बंदच राहू द्या, ते योग्यच केलंत. ते नेटवर्कवरचे प्रिंटर शोधतं आणि सप्टेंबर 2024 मध्ये त्यात सुरक्षेची मोठी भगदाडं सापडली होती. तुमचा प्रिंटर केबलवर आहे, त्याची गरजच नाही.

आणि ब्लूटूथ. डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथचं हार्डवेअर नसेल तर ती सर्व्हिस मुळात सुरूच होत नाही, तिच्या फाइलमध्येच तशी अट आहे. तिथे तुमचा एक एमबीसुद्धा वाचला नाही.

ताई, 40 एमबीसाठी ही ओढाताण नको. 2 जीबीच्या मशीनला कप्स जड होत नाही, चौथा टॅब जड होतो.

वाचनकट्टा

इतकं नीट समजावलंत, मनापासून आभार. रात्रीच जाऊन केलं.

अनमास्क करून रीस्टार्ट केलं आणि पेनड्राइव्ह लावला. दोन सेकंद काही नाही, मग कोपऱ्यात ती छोटी चौकट आली, 'फाइल मॅनेजरमध्ये उघडा'. किती बरं वाटलं! प्रिंटर यादीत जुन्याच नावाने परत आला, चाचणीला सातबाराचं एक पान काढलं. पासवर्डची खिडकीही येते.

डोंगल मात्र पहिल्यांदा आलं नाही. काढून परत लावलं तेव्हा दिसलं.

बाकीच्या तीन मशीन्सना मोडेममॅनेजर तसाच मास्क ठेवला तर चालेल ना? त्यांना डोंगल नाही, माझ्याच मशीनवरून केबलने नेट जातं.

जुनं_हार्डवेअर

चालेल, पण मास्क काढून डिसेबल करा. उद्या तुमच्या टेबलावरचं मशीन बंद पडलं आणि डोंगल दुसरीकडे लावायची वेळ आली, तर तिथे बसलेल्या माणसाला मास्क आठवणार नाही. डिसेबल असेल तर गरजेला उठवता येतो. काही डोंगल मोडेम म्हणून न दिसता सरळ केबलच्या नेटवर्कसारखी दिसतात, त्यांना मोडेममॅनेजर लागतच नाही. तुमचं यादीत 'मोबाइल ब्रॉडबँड' म्हणून येत असेल तर लागतो.

इनस्क्रिप्ट_रोज

रॅमसाठी सर्व्हिसेस कापण्यापेक्षा झेडरॅम लावा. झेडरॅम-टूल्स पॅकेज टाका, मग ईटीसी/डीफॉल्ट/झेडरॅमस्वॅप या फाइलमध्ये 'परसेंट'च्या ओळीपुढचा हॅश काढून 50 ठेवा आणि झेडरॅमस्वॅप सर्व्हिस रीस्टार्ट करा. रॅममधला मजकूर दाबून रॅममध्येच ठेवला जातो, त्यामुळे साध्या हार्ड डिस्कवर स्वॅपची (रॅम भरली की डिस्कवर लिहिण्याची) खरखर कमी होते. माझ्याकडे अशाच 2 जीबीच्या मशीनवर याने टॅब बदलताना लागणारा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला. पैसे जमले की एक-एक मशीनला एसएसडी घाला, त्याला तोड नाही.

अजून एक, मराठी टायपिंग कशावर करता? सगळे इनस्क्रिप्टवरच टाइप करत असतील तर आयबस (टायपिंगची पद्धत बदलून देणारा प्रोग्राम) ऑटोस्टार्टमध्ये ठेवायची गरज नाही. कीबोर्ड सेटिंगमध्ये भारताचा मराठी लेआउट जोडला की काम होतं.

वाचनकट्टा

बायका इनस्क्रिप्टवर शिकल्यात, पण कॉलेजची पोरं इंग्रजी अक्षरांवरून मराठी टाइप करतात, त्यामुळे आयबस काढता येणार नाही. तो ऑटोस्टार्टमध्ये मीच घातलाय. कधी कधी चालू असतो पण पॅनेलवर चिन्ह दिसत नाही, मग पोरं म्हणतात मराठी गेलं.

इनस्क्रिप्ट_रोज

पॅनेलचा ट्रे (छोट्या चिन्हांची जागा) तयार व्हायच्या आधी आयबस सुरू होत असणार. ऑटोस्टार्टमध्ये त्याची नोंद उघडा, 'सिस्टिम ट्रेची वाट पाहा' अशा अर्थाचा एक चौकोन आहे, त्यावर खूण करा. पोरं ज्या ज्या खात्यातून बसतात तिथे प्रत्येक ठिकाणी करावं लागेल.

वाचनकट्टा

केलं. चारही मशीनवर चिन्ह आलं. उद्या सकाळी नऊला उघडतेय.