10 बाय 12 च्या खोलीत फ्लॅशला काय लावू? सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरा पडदा असलेला कापडी डबा), ऑक्टा (आठकोनी सॉफ्टबॉक्स) की छत्री?

मोतीवाली_सांगली: नमस्कार मंडळी. बोवेन्स माउंटचा (म्हणजे पुढे सॉफ्टबॉक्स वगैरे अडकवायची जोडणी असलेला) 200 वॅट-सेकंदाचा फ्लॅश घेतलाय. पांढऱ्या भिंती, छत 9 फूट. नथ, ठुशी, तन्मणी घातलेल्या बायकांचे फोटो काढायचेत. मोत्यांवर पांढरा ठिपका जळतो. बजेट 3000, वर एक रुपया नाही.

फोटोवेडा_ठाणे: 120 सेंमीचा डीप (खोलगट) ऑक्टा घ्या, ग्रिडसकट (उजेड बाजूला पसरू न देणारी जाळी). मला 9500 ला पडला, चार लग्नसराया झाल्या, कापड अजून शुभ्र.

जुना_स्टुडिओ: पांढरी छत्री, आरपार उजेड येणारी. पाचशेत काम होतं. आम्ही रोलच्या जमान्यापासून छत्रीवरच पोट भरलंय.

कोकणकडा: छत्रीचा अर्धा उजेड मागे भिंतीवर आपटून परत येतो. पांढऱ्या खोलीत सावली उरत नाही, नथ सपाट दिसते.

जुना_स्टुडिओ: भिंतीला काळं कापड लावा की! छत्रीला कशाला दोष?

विदर्भ_क्लिक: स्टँडकडे कुणी बघत नाही. माझा पंख्याच्या वाऱ्यानं ऑक्टासकट आडवा झाला, ट्यूब फुटली. दुकानदारानं वॉरंटी नाकारली. पायाला वाळूची पिशवी बांधाच.

फोटोवेडा_ठाणे: म्हणून भारी स्टँड घ्यावा. माझा स्टीलचा आहे.

सावली_पुणे: ताई, मोती म्हणजे बारीक गोल आरसा. समोर जे असेल ते त्यात दिसणार. उघडा फ्लॅश ठिपका देतो, मोठा पडदा पसरट चकाकी देतो. साधारण 90 सेंमीचा कुठलाही बॉक्स चालेल, पण आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पडदे हवेत. चेहऱ्यापासून 3 फुटांवर आणा. तोच 6 फुटांवर नेला तर सावल्या कडक होतात आणि उजेड पावपट उरतो. दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोल धरा.

कोकणकडा: हेच म्हणणार होतो. ऑक्टाच घ्या, डोळ्यांत गोल चमक छान येते.

फोटोवेडा_ठाणे: 120 चा.

मोतीवाली_सांगली: सर्वांचे आभार. ऑक्टा नाही घेतला. 60 बाय 90 चा चौकोनी सॉफ्टबॉक्स जुना मिळाला, 1800 ला, दोन्ही पडद्यांसकट. काल आजीचा तन्मणी आईच्या गळ्यात घालून 3 फुटांवरून काढला. प्रत्येक मोत्यात उभी खिडकी दिसते, आमच्या जुन्या घराच्या माजघरात दिसायची तशी. मला तेच हवं होतं. वाळूची पिशवी शिवायला घेतलीय.