आठवड्याची सुई: शनिवारच्या सराफ्याआधी की नंतर?

रामबागकर:
आमच्या इंदूरच्या पोहे-जिलेबीच्या टोळक्यात आता तिघे वजन कमी करायची, आठवड्यातून एकदाची सुई घेतात. दोघांची माउंजारो, एकाची वेगोव्ही. वाद एकच, वार कोणता? माझं मत शुक्रवार रात्र. औषध रक्तात एक ते तीन दिवसांत चढतं, म्हणजे नेमकं शनिवारी सराफ्यात (रात्रीच्या खाऊबाजारात) आणि रविवारी दाल-बाफल्यांच्या ताटासमोर भूक आवरलेली असते. मळमळलंच तर ऑफिसही नसतं. सोमवारवाल्यांचा जोर ऐन रविवारी ओसरलेला.

लोकमान्यनगरची ताई:
काका, भूक आवरते हे खरं, पण सराफ्यात तुम्ही भूक लागली म्हणून जाता का? तिथे लोक जेवून जातात! या औषधानं पोट उशिरा रिकामं होतं. त्यात रात्री अकराला गराडू (तळलेला कंद) आणि वर रबडी घातलीत की रविवार मोरीपाशी जाणार. जोर असेल ते दिवस साध्या जेवणाचे हवेत, म्हणून मी रविवारी रात्री घेते. सोमवार-मंगळवार घरचा डबा, विषय संपला.

रामबागकर:
आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये उलटी आली तर?

लोकमान्यनगरची ताई:
त्रास जास्त करून सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर होतो. म्हणून तर पायऱ्या आहेत. वेगोव्ही 0.25 मि.ग्रॅ.पासून, मग 0.5, 1, 1.7 आणि 2.4, प्रत्येक पायरीवर निदान चार आठवडे. डोस वाढेल त्या आठवड्यात मीटिंग पुढे ढकला, वार कशाला बदलता?

जुना औषधवाला:
दोघेही वाराला फार भाव देताय. वेगोव्हीतलं औषध, सेमाग्लुटाइड, शरीरात निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, माउंजारोतल्या टिर्झेपटाइडला पाच दिवस. महिनाभरानंतर पातळी बरीचशी सपाट होते, सोमवार-शुक्रवारात राहतो तो थोडासा चढउतार. सकाळी घ्या, रात्री घ्या, जेवणाआधी, नंतर, काही फरक नाही. वार पाळा आणि जागा बदलत राहा: पोट, मांडी, दंड.

छप्पनप्रेमी:
भिया, मग पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे. तो आठवडा सुट्टी घेतली तर चालेल ना? पातळी सपाटच आहे म्हणता.

जुना औषधवाला:
नाही, याचा अर्थ तसा काढू नका. चुकून डोस राहिला तर त्याचे नियम आहेत. वेगोव्हीत पुढच्या डोसला दोन दिवसांहून जास्त अवकाश असेल तर आठवताच घ्या, नसेल तर सोडा. माउंजारोत ठरल्या वारापासून चार दिवसांच्या आत घ्या, नाहीतर सोडा. दोन डोस एकदम कधीच नाही. वार बदलायचा असेल तर आधीच्या डोसनंतर वेगोव्हीला किमान दोन दिवस, माउंजारोला तीन दिवस जाऊ द्या. ओळीनं दोन-तीन डोस हुकले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जुन्या मोठ्या डोसवर उडी मारू नका, पोट पुन्हा बंड करतं.

लोकमान्यनगरची ताई:
बायकांसाठी एक गोष्ट, टोळक्यातले काका सांगणार नाहीत. टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो. सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधाचा दुसरा उपायही वापरा.

रामबागकर:
नियम सगळे मान्य. वार मात्र शुक्रवारच. ताटासमोर बसून हात आखडतो, हे मला ताईंच्या डब्यापेक्षा कामाचं वाटतं.

छप्पनप्रेमी:
लग्न पुण्याला, मे महिन्यात. फ्रीज सुटेल, सुईचं पेन कसं न्यायचं?

जुना औषधवाला:
घरी 2 ते 8 अंशांत, फ्रीजरमध्ये नाही. गोठलेलं पेन फेकायचंच. बाहेर 30 अंशांपर्यंत मोजके दिवस टिकतं, किती ते आपल्या पेनच्या खोक्यावर वाचा. मेमध्ये इंदूर चाळिशी ओलांडतं, तेव्हा गाडीच्या डिकीत ठेवू नका. थंड पिशवीत न्या, पण बर्फाला थेट टेकू देऊ नका.

छप्पनप्रेमी:
आणि सुई लग्नाआधी की नंतर?

रामबागकर:
आधी!

लोकमान्यनगरची ताई:
नंतर. पंगतीत श्रीखंड-पुरी असणार, काका.