शब्दचर्चा : ‘चॅरिटी’ला दान म्हणावे, दया म्हणावे की माणुसकी?

प्रश्न

एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करताना मी तीन शब्दांपाशी अडलो आहे आणि जाणकारांचे मत हवे आहे. लेख फ्रान्सच्या बुर्गुंडी प्रांतातील बोन या गावातल्या ‘ऑतेल-द्यू’ नावाच्या जुन्या रुग्णालयावर आहे. बुर्गुंडीच्या ड्यूकचा मुख्य कारभारी निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी १४४३ साली ते गोरगरिबांसाठी स्थापन केले, १ जानेवारी १४५२ रोजी तेथे पहिला रुग्ण आला आणि १९७१ पर्यंत त्या इमारतीत रुग्णसेवा चालू होती. गरिबांच्या मोठ्या दालनाच्या टोकाला रोखीर व्हान डर वायडन या चित्रकाराचे ‘अंतिम न्याया’चे, म्हणजे जगाच्या शेवटी देव सर्व माणसांचा निवाडा करतो त्या प्रसंगाचे, अनेक फळ्यांचे चित्र होते. ते एरवी मिटलेले असे आणि रविवारी व सणावारी उघडले जाई. याच संस्थेला पुढे द्राक्षमळे दान मिळत गेले, आणि त्या मळ्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून नोव्हेंबर महिन्यात होत आला आहे. त्यातले एक खास पिंप दुसऱ्या एखाद्या सेवाकार्यासाठी विकतात आणि त्या वेळी नामवंत कलाकार पुढे येऊन बोली चढवायला लावतात. २०२२ साली त्या एका पिंपाला ८ लाख १० हजार युरो मिळाले.

लेखकाचे म्हणणे असे की, चित्रात आणि लिलावाच्या मेजवानीत एकच ‘ह्यूमॅनिटी’ दिसते. मी ‘ह्यूमॅनिटी’ आणि ‘चॅरिटी’ या दोन्ही शब्दांसाठी ‘माणुसकी’ वापरले आणि ‘चॅरिटी गाला’ला ‘धर्मादाय गाला’ म्हटले. मसुदा वाचून माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी एवढेच विचारले, ‘‘पिंप विकून माणुसकी गोळा होते का?’’ त्यानंतर मला पुढचे पान लिहिता आलेले नाही.

पहिला प्रतिसाद

आपल्या स्नेह्यांचा कान उत्तम आहे. अशा वेळी कोश उघडण्याआधी मी त्या नामाशेजारी कोणते क्रियापद बसते ते पाहतो, कारण मराठीत नामाचा स्वभाव त्याच्या क्रियापदावरून ओळखता येतो. दान आपण करतो किंवा देतो. तेथे कर्ता ठळक असतो, म्हणूनच ‘दाता’, ‘दानशूर’, ‘देणगीदार’ असे शब्द तयार होतात आणि शाळांच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या लागतात. दया, कणव, कीव मात्र येते. ‘मला त्याची दया आली’ या वाक्यात मी काही केलेले नाही, माझ्यावर काहीतरी येऊन आदळले आहे. माणुसकीची गत तिसरीच आहे. ती असते किंवा नसते, धरावी लागते, सोडली जाते, कुणी तिला पारखा होतो. ‘मी काल माणुसकी केली’ असे कोणीही म्हणत नाही आणि ‘पाच हजारांची माणुसकी दिली’ हे तर विनोदी नाटकातच शोभेल.

याचे कारण, माझ्या मते, असे की माणुसकी हा गुण आपण जमेच्या बाजूला लिहीत नाही. ती किमान अपेक्षा आहे. ती असली तर कौतुक थोडेसेच होते, नसली तर मात्र लगेच ‘माणुसकीला काळिमा’ असा मथळा येतो. दान न करणाऱ्याला आपण फार तर कंजूष म्हणतो; माणुसकी सोडणाऱ्याला माणसांतूनच उठवतो. म्हणून लिलावातल्या बोलीला माणुसकी म्हटले की कानाला खटकते: किमान अपेक्षेची किंमत ८ लाख १० हजार युरो कशी असेल?

आता आपल्या चित्राकडे येतो. हे चित्र मिटलेले असताना बाहेरच्या फळ्यांवर रोलँ आणि गिगोन गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसतात. हे दाते झाले. येथे ‘दान’ शब्द चपखल बसतो. फळ्या उघडल्या की मधोमध मायकेल हा देवदूत तराजू घेऊन उभा असतो, पारड्यांशी पुण्ये आणि पापे असे लॅटिन शब्द लिहिलेले असतात आणि पापांचे पारडे खाली गेलेले असते. त्या काळच्या अंतिम न्यायाच्या चित्रांत पापी लोकांना ओढून नेणारी भुते हमखास सापडतात. येथे एकही भूत नाही. दोषी माणसे आपल्याच भीतीने, आपल्याच पायांनी नरकाकडे धावतात. ज्याने हे करवून घेतले त्याच्या श्रीमंतीविषयी गावोगाव कुजबुज होती. ‘ज्याने इतक्यांना गरीब केले त्याने त्यांच्यासाठी घर बांधणे योग्यच आहे,’ असे एक खवचट वाक्य फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या नावावर सांगितले जाते. ते त्याचे असो वा नसो, टिकले मात्र खरे.

या उघड्या चित्रात जी ‘ह्यूमॅनिटी’ आहे ती दानही नव्हे आणि माणुसकीही नव्हे. ती ‘माणूसपण’ आहे, म्हणजे कपडे, पद आणि पाटी उतरल्यावर उरणारी माणसाची अवस्था. मराठीत ‘-पण’ हा प्रत्यय अवस्था सांगतो आणि ‘-की’ बहुधा वागणूक किंवा पेशा सांगतो. बालपण आणि पाटीलकी शेजारी ठेवून पाहावे. तेव्हा चित्रासाठी माणूसपण, लिलावासाठी दान किंवा देणगी, आणि माणुसकी राखून ठेवावी अशी माझी सूचना आहे.

दुसरा प्रतिसाद

वरील मांडणी सुरेख आहे, परंतु ‘दया येते’ हे अर्धेच सत्य आहे. ‘देवा, दया कर’ हे आपण रोज म्हणतो. तुकोबांनी तर दयेची व्याख्याच करून ठेवली आहे: ‘दया तिचे नांव भूतांचे पालन । आणीक निर्दळण कंटकांचे’. येथे दया ही मनाची लहर राहत नाही, ते काम होते, आणि त्या कामात दुष्टांचा बंदोबस्तही येतो. आजच्या मराठीत दया पातळ होऊन कीवेच्या जवळ सरकली आहे, एवढाच निष्कर्ष काढता येईल. ‘मला तुमची दया नको’ हे वाक्य तुकोबांच्या अर्थाने उच्चारताच येणार नाही.

तिसरा प्रतिसाद

मी वसईचा, ख्रिस्ती कुटुंबातला. ‘चॅरिटी’ या शब्दाचा प्रवास पाहिला तर प्रश्नकर्त्यांची अडचण थोडी सुटेल असे वाटते. लॅटिन ‘कारितास’ म्हणजे मुळात जवळीक, प्रेम. देणगीचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. बायबलमधील प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात श्रद्धा, आशा आणि तिसरा तो शब्द असे त्रिकूट आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तेथे ‘चॅरिटी’ होते, १८८१ च्या सुधारित आवृत्तीत ते काढून प्रेमवाचक शब्द घातला गेला. आमच्या मराठी बायबलात मात्र ‘विश्वास, आशा, प्रीती’ असेच आम्ही वाचत आलो. त्यामुळे आमच्याकडे पाद्रीबाबांनी प्रीतीवर प्रवचन केले की कोणाचा हात खिशाकडे जात नाही, हा भाषांतराचा एक अनपेक्षित लाभ म्हणावा लागेल.

युरोपातील चित्रकारांना हा दुहेरी अर्थ ठाऊक होता. इटलीतील पादुआ येथे एन्रिको स्क्रोवेन्यी या धनिकाच्या प्रार्थनागृहात चित्रकार जोत्तोने १३०५ च्या सुमारास सद्गुण आणि दुर्गुण समोरासमोर रंगवले आहेत. त्यातली ‘कारितास’ पैशाच्या पिशव्यांवर उभी आहे; एका हातात फळाफुलांची परडी आहे आणि दुसऱ्या हाताने ती आपले हृदय वर देवाकडे देते आहे. पैसा पायाखाली, देणे हातात. तिच्या समोरच्या भिंतीवर मत्सर आहे, कवळून धरलेली थैली घेऊन ज्वाळांत उभा, आणि त्याच्या तोंडातून निघालेला साप उलटून त्याच्याच डोळ्यांकडे वळलेला. एन्रिकोच्या वडिलांना कवी दान्तेने आपल्या महाकाव्यात सावकारीच्या पापाबद्दल नरकात बसवले आहे हे लक्षात घेतले, तर त्या पिशव्यांवरचा पाय केवळ अलंकार वाटत नाही.

याला ‘दान’ म्हणाल, तर हृदय सुटते. ‘प्रीती’ म्हणाल, तर आजच्या वाचकाला प्रेमकथा आठवते. येथे मूळ ‘कारितास’ ठेवून पुढे एका वाक्यात अर्थ सांगणे मला योग्य वाटते.

चौथा प्रतिसाद

‘गाला’विषयी कोणीच बोलले नाही. देवनागरीत नुसते ‘गाला’ लिहिल्यास निम्म्या वाचकांना सफरचंद आठवेल आणि उरलेल्यांना औद्योगिक वसाहतीतला गाळा. मूळ इटालियन-स्पॅनिश शब्दात नटणेमुरडणे, उंची पोशाख हा अर्थ आहे. म्हणून समारंभात पोशाख हा वरवरचा भाग नसून नावातच आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची पोशाख विभागासाठीची मेजवानी १९४८ साली ५० डॉलरांच्या तिकिटावर सुरू झाली. २०२४ साली एका तिकिटाची किंमत ७५ हजार डॉलर होती. २०१८ साली तर तिचा विषयच कॅथलिक धर्मकल्पना आणि वेशभूषा हा होता, व्हॅटिकनने चाळीसेक धार्मिक वस्त्रे आणि वस्तू प्रदर्शनासाठी पाठवल्या होत्या, आणि एक गायिका बिशपच्या मुकुटासारखे शिरोभूषण घालून पायऱ्या चढली होती. मात्र पोशाख विभागासाठी जमवलेला निधी हे रंजल्यागांजल्यांचे काम नव्हे. त्याला ‘धर्मादाय’ म्हणताना लेखणी अडखळायला हवी.

याउलट डब्लिनमध्ये १३ एप्रिल १७४२ रोजी संगीतकार हॅंडेलच्या ‘मसाया’ या धार्मिक गायनरचनेचा पहिला प्रयोग झाला तो कर्जापायी तुरुंगात खितपत पडलेले कैदी आणि दोन रुग्णालये यांच्या मदतीसाठी. श्रोते अधिक मावावेत म्हणून स्त्रियांनी झग्याखालचे रुंद कडे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावे, अशी विनंती करण्यात आली होती. जमलेल्या रकमेतून १४२ कर्जदार सुटले. तेथे जागेसाठी पोशाख आवरला गेला, येथे पोशाखासाठी जागा रिकामी केली जाते.

शब्द शोधायला दूर जाण्याची गरज नाही. आपल्या नाटकवाल्यांकडे तो तयार आहे: ‘साहाय्यार्थ’. अमुक संस्थेच्या साहाय्यार्थ नाट्यप्रयोग, अशी जाहिरात आपण लहानपणापासून वाचली आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग केला, तोही याच जातीचा. ‘साहाय्यार्थ मेजवानी’ म्हटले की मेजवानी ही मेजवानीच राहते आणि हेतू वेगळा कळतो. ‘धर्मादाय’ मात्र धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन बसलेला शब्द आहे. त्याला झगमगाटात आणू नये.

पाचवा प्रतिसाद

गोव्याहून एक छोटी भर. लिस्बनमध्ये १४९८ साली राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने ‘मिझेरिकॉर्दिया’ हे सेवासंघ सुरू झाले आणि सोळाव्या शतकात ते गोव्यातही आले. या लॅटिन शब्दात ‘दीन’ आणि ‘हृदय’ हे दोन तुकडे आहेत. गोव्यातल्या ख्रिस्ती प्रार्थनांत देवाकडे ‘काकळूट’ मागतात, म्हणजे दया. मराठीत तोच शब्द ‘काकुळतीला येणे’ यात उरला आणि मागणाऱ्याच्या वाट्याला गेला. एकाच शब्दाचे एक टोक देणाऱ्याकडे आणि दुसरे मागणाऱ्याकडे, असे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

पहिल्या प्रतिसादकर्त्याची पुरवणी

माणुसकी राखून ठेवावी असे मी म्हटले होते. ती खर्च करण्याजोगे एक चित्र सांगतो. नेदरलँड्समधील आल्कमार येथील चर्चसाठी १५०४ साली एका अनामिक चित्रकाराने सात फलकांवर दयेची सात कामे रंगवली: भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, मृताला मूठमाती, वाटसरूला निवारा, आजाऱ्याची विचारपूस आणि कैद्याची भेट. आज ती आम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात आहेत. गावातला साधा रस्ता, दारात टोपली घेऊन उभे असलेले कुटुंब आणि पुढे गरिबांची गर्दी. बहुतेक फलकांत त्या गर्दीतच, घेणाऱ्यांच्या ओळीत, ख्रिस्त उभा आहे, आणि भाकरी वाटणाऱ्यांचे त्याच्याकडे लक्षही नाही. ‘मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खावयास दिले’ या मत्तयाच्या शुभवर्तमानातील वचनाचा हा शब्दशः अर्थ आहे. देणाऱ्याला आपण कुणाला देतो हे माहीत नाही, आणि ते माहीत नसतानाच तो नीट वागतो. याला मी निःशंकपणे माणुसकी म्हणेन.

नेपल्समध्ये चित्रकार काराव्हाज्जोने १६०७ साली हीच सात कामे एकाच अंधाऱ्या गल्लीत कोंबली, त्याचे त्याला ४०० दुकात (त्या काळची नाणी) मिळाले, आणि ज्या संस्थेने पैसे मोजले तिचा एकही दाता त्यात गुडघे टेकून बसलेला नाही. चित्र अजून त्याच संस्थेच्या चर्चमध्ये आहे.

आपल्याकडे काही वर्षांपूर्वी गावोगाव जुने कपडे टांगून ठेवण्याच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा लोकांनी त्यांना ‘दानाची भिंत’ म्हटले नाही, ‘माणुसकीची भिंत’ म्हटले. कोणी ठेवले आणि कोणी नेले, याची तेथे नोंद नसते. हे नाव कोणा भाषापंडिताने दिलेले नसावे, परंतु चूक काढायला जागा नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचा ऋणी आहे. मसुदा पुढीलप्रमाणे बदलला आहे. मिटलेल्या फळ्यांवरील रोलँ-गिगोन यांच्यासाठी ‘दाते’, उघड्या चित्रासाठी ‘माणूसपण’, पिंपाच्या विक्रीसाठी ‘साहाय्यार्थ लिलाव’. ‘कारितास’ जेथे आला तेथे तसाच ठेवून त्याचा अर्थ वाक्यात उलगडला आहे. ‘दया’ दोन ठिकाणी ठेवली आहे आणि दोन्ही ठिकाणी ती कामाच्या अर्थाने आहे.

‘माणुसकी’ हा शब्द आता संपूर्ण लेखात एकदाच येतो. लेखक शेवटाकडे त्या दालनातील खाटांचे वर्णन करतो: भिंतीलगत ओळीने लावलेल्या, लाल पडद्यांच्या, आणि एकेका खाटेवर दोन दोन रुग्ण ठेवले जात असत. तेथे इंग्रजीत ‘ह्यूमॅनिटी’ हा शब्दच नाही. शेजारच्या अनोळखी रुग्णाच्या अंगावर पांघरूण सारणाऱ्या हाताची कल्पना फक्त लेखकाने केली आहे. मूळात नसलेला शब्द भाषांतरात घालावा की नाही, हा माझा पुढचा प्रश्न आहे, आणि स्नेह्यांना विचारण्याआधी तो येथे मांडत आहे.