अनुभव धागा: ऐन वेळी मालकाने बुकिंग रद्द केलं, मग त्या रात्री कुठे राहिलात?

धागाकर्ती, पुणे

भाऊबीज आटपली आणि दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही अकरा जण टेम्पो ट्रॅव्हलरने मालवणजवळच्या देवबागला निघालो, सगळ्यात मोठ्या सासूबाई, वय ७८, आणि सगळ्यात लहान पुतणी, चार वर्षांची. तीन खोल्या, दोन रात्री, २७,००० रुपये, दोन महिने आधी ऍपवरून बुकिंग करून पूर्ण पैसे भरलेले. सकाळी सातला फोंडा घाट उतरून चहाला थांबलो आणि फोन आला, मॅडम मोटर जळाली, पाणी नाही, तुम्ही येऊ नका.

मी म्हणलं टँकर मागवा, पैसे आम्ही देतो. तर म्हणे नाही हो, दिवाळीत कोण येतंय, तुम्ही असं करा, तुमच्या बाजूने कॅन्सल टाका, मी लगेच रिफंड पाठवतो. माझा अंगठा त्या बटनापर्यंत गेला होता. रात्रभर झोप नाही, सासूबाईंचे पाय सुजलेले आणि समोरचा माणूस इतकं गोड बोलत होता. मोठ्या पुतण्याने फोन हातातून काढून घेतला, काकू थांब, आज चेक इन आहे, आपण कॅन्सल केलं तर एक रुपया परत मिळणार नाही, त्याला करू दे. म्हणून हे सगळ्यात आधी लिहिते, बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल: रद्द मालक करतोय ना, मग बटन त्यानेच दाबायचं, आणि जे काही बोलणं होईल ते ऍपच्या चॅटमध्येच लेखी घ्यायचं. आम्ही चॅटवर लिहिलं की तुम्ही फोनवर खोली देत नाही म्हणालात, कृपया इथे लिहा. तासाभराने त्याने लिहिलं, "पाणी प्रॉब्लेम, नॉट पॉसिबल". तेवढे चार शब्द पुढे कामाला आले.

कस्टमर केअरने चाळीस मिनिटांनी पर्याय दिले ते कुडाळचे, म्हणजे समुद्र बघायला परत तासभर गाडीत. शेवटी मालवणात जेवायला एका घरगुती खानावळीत शिरलो, अकरा माणसं आणि सगळ्यांचे चेहरे उतरलेले. काकूंनी विचारलं काय झालं, आणि सासूबाईंना तिथेच रडू आलं. काकू म्हणाल्या, "काय्येक काळजी करू नकात, आधी जेवून घेवा, माझ्या नणंदेक फोन लावतंय." नणंद वायरीला. दोन खोल्या आणि पुढची पडवी. पुरुष मंडळी पडवीत गाद्या टाकून झोपली, सासूबाईंना खिडकीजवळची बाज. सकाळी उठले तर परसात तांब्याचा बंब पेटलेला, खाली नारळाची सोडणं धुमसत होती आणि त्या बाई माझ्या सासूबाईंच्या पायाला गरम पाण्याचा शेक देत होत्या. कोण कुठल्या त्या, आदल्या दुपारपर्यंत नावसुद्धा माहीत नव्हतं.

संध्याकाळी फिरत देवबागला गेलो तर आमच्या त्या घरासमोर दुसऱ्या लोकांच्या तीन गाड्या, बाहेर दिव्यांच्या माळा आणि पाइप लावून अंगणात पाणी मारणं चाललंय. मोटर व्यवस्थित सुरू. फोटो काढले, वेळ दिसेल असे, आणि ऍपला पाठवले. रागाने हात थरथरत होते हे अजून आठवतं.

तुमचं काय झालं ते लिहा. कुठे, किती आधी रद्द झालं, मालक काय म्हणाला, आणि त्या रात्री कुठे झोपलात हे नक्की लिहा, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

नागपूरकर

महाकुंभ, २०२५. मौनी अमावस्या २९ जानेवारीची, आम्ही सहा जण, आईचा नवस होता. प्रयागराजला संगमाजवळच्या दारागंजमध्ये एका घराची वरची खोली नोव्हेंबरमध्ये बुक केली होती, ३,००० रुपये रात्रीचे. २६ तारखेला घरमालकाचा फोन, आता १५,००० चा भाव आहे, द्यायचे तर या, नाहीतर टोकन परत घ्या. हिंदीत भांडून बघितलं, विनवणी केली, आईला बोलायला लावलं, तो हलला नाही. पैसे थेट पाठवलेले, मध्ये कुठलं ऍप नाही, त्यामुळे तक्रार करणार कुणाकडे. ट्रेनची तिकिटं कन्फर्म होती म्हणून निघालो. गंगेपलीकडे झूंसीच्या बाजूला एका आश्रमाच्या मंडपात जागा मिळाली, खाली पेंढा, वर सतरंजी, वीस-पंचवीस माणसं ओळीने. थंडी अशी की आईच्या अंगावर आम्ही तिघा भावांची जॅकेट्स टाकली. चेंगराचेंगरी झाली ती हीच पहाट, आम्ही संगमाकडे न जाता जवळच्याच घाटावर स्नान केलं. दारागंजची खोली मिळाली असती तर आम्ही नक्कीच त्या गर्दीतून संगमावर गेलो असतो असं आई अजून म्हणते. पण म्हणून त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. देवाच्या दारात आलेल्या म्हाताऱ्या बाईकडून पाचपट मागणं हे मला अजून पटत नाही.

ठाणे, आयटीवाली

लोणावळा, ३१ डिसेंबर, व्हिला, दुपारी दोन वाजता मेसेज. घरी आलो, गच्चीवर गाद्या टाकल्या. पैसे परत आले म्हणून पुढे काही केलं नाही, करायला हवं होतं.

वाडीवाली, गुहागर तालुका

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे आमचा होमस्टे आहे, चार खोल्या, नारळ-सुपारीच्या वाडीत. राग येणार असेल तर येऊ दे पण आमचंही ऐका.

धागाकर्तीला मालक तुम्हीच कॅन्सल करा का म्हणाला ते सांगते. आम्ही एअरबीएनबीवर आहोत, तिथे मालकाने चेक इनच्या आधी ४८ तासांत रद्द केलं तर बुकिंगच्या रकमेच्या ५० टक्के दंड, ४८ तास ते ३० दिवसांत २५ टक्के, त्याच्याही आधी १० टक्के, शिवाय त्या तारखा कॅलेंडरवर अडकून पडतात, दुसऱ्याला देता येत नाहीत. पाहुण्याने रद्द केलं तर यातलं काहीच नाही. आता समजलं ना ते गोड बोलणं. खरोखर मोठी अडचण असेल, घराचं नुकसान, आजारपण, तर पुरावे देऊन दंड माफ करून घेता येतो, त्यासाठी पाहुण्याच्या गळ्यात घालायची गरज नसते.

आणि काही वेळा घोळ खरंच होतो. आम्ही तीन ऍपवर आहोत, तिघांची कॅलेंडरं एकमेकांना जोडलेली, पण इकडची नोंद तिकडे दिसायला कधी कधी तासन्‌तास लागतात, त्यात आमच्याकडे रेंजची बोंब. एकदा एकाच शनिवारी एकाच खोलीला दोन कुटुंबं. मी आमची स्वतःची झोपायची खोली रिकामी करून दिली आणि आम्ही माडीवर.

पण मला लिहायचंय ते वेगळं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सासरे गेले, रात्री एकला. सकाळी नाशिकहून दोन कुटुंबं निघणार होती, लहान मुलं बरोबर. सुतकात आमच्याकडे चूल पेटणार नव्हती, पाहुणे कुठून ठेवणार. पहाटे पाचला मी दोघांना फोन लावला, प्रेत अजून ओटीवर होतं. म्हणलं, असं झालंय, तुमच्याकडून काही करू नका, रद्द मी करते, आणि शेजारच्या आळीत सोय लावून ठेवलीय, भाव आमचाच, जास्त मागितले तर मला फोन करा. शेजारच्या वहिनींनी नऊ माणसांचं दोन दिवस बघितलं. आणि ती माणसं, ज्यांचा आमचा काही संबंध नाही, ती दुसऱ्या दिवशी आमच्याकडे भेटायला आली, यजमानांजवळ दहा मिनिटं गप्प बसली आणि गेली. ऐन वेळी रद्द करावंच लागलं तर पर्यायी छप्पर शोधणं हे मालकाचं काम आहे असं मी मानते. किनाऱ्यावर सगळे एकमेकांना ओळखतात, तीन फोन केले की खोली मिळते. ज्याला फोन करायचे नसतात त्याची मोटर जळते.

मिशिगनमधून

८ एप्रिल २०२४ चं खग्रास सूर्यग्रहण. आईबाबा सांगलीहून आले होते, बाबा तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होते, आणि फळ्यावर हजार वेळा काढलेली ती आकृती आयुष्यात एकदा डोळ्यांनी बघायची म्हणून त्यांनी तिकिटंच त्या हिशोबाने काढली. क्लीव्हलँडजवळ घर आदल्या ऑगस्टमध्येच घेतलं होतं, १४० डॉलर रात्रीचे. नऊ दिवस आधी रद्द, कारण "दुरुस्ती". दुसऱ्या दिवशी तेच घर, तेच फोटो, ६०० डॉलरला. मी स्क्रीनशॉट काढून ठेवले, कंपनीला पाठवले, त्यांनी पूर्ण पैसे आणि वर थोडं क्रेडिट दिलं, पण खग्रास पट्ट्यात परवडेल असं एकही घर तोवर शिल्लक नव्हतं.

बाबा म्हणाले जाऊ दे, टीव्हीवर बघू. ते त्यांनी ज्या आवाजात म्हणलं तो ऐकून मी पहाटे साडेचारला गाडी काढली. डेट्रॉइटच्या बाजूने एरवी तीन तास, वाटेत डबे खाल्ले, तळ्याकाठच्या एका बागेत सतरंजी टाकली. दुपारी ३ वाजून १३ मिनिटांनी अंधार झाला, जवळजवळ ३ मिनिटं ५० सेकंद. बाबांनी चष्मा काढला, आईचा हात धरला आणि एक शब्द बोलले नाहीत. परत यायला सात तास लागले, त्या रात्री आपल्याच घरी झोपलो, दीड वाजता. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून.

ठाणेकर

पैशांचं कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. गोवा, व्हिला भाड्याने देणारी एक कंपनी, आठ माणसं, आदल्या दिवशी संध्याकाळी रद्द. मूळ पैसे आले, पण ऐन वेळी दुसरीकडे घ्यावं लागलं त्याचा फरक ३८,००० रुपये, तो द्यायला नकार. माझं म्हणणं होतं की सेवेत कसूर तुमची, फरक मी का भरू.

आधी १९१५ वर तक्रार, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. कंपनीने गुळमुळीत उत्तर दिलं. मग रजिस्टर पोस्टाने नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार. लोकांना वाटतं गोव्याला खेटे घालावे लागतील, तसं नाही, २०१९ च्या कायद्याने आपण जिथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील हवाच असं नाही, मुदत दोन वर्षांची. मी लावलेले कागद: बुकिंगची पावती, रद्द केल्याचा मेसेज, नव्या जागेचं बिल, आणि त्याच संध्याकाळी बघितलेल्या इतर चार जागांचे भाव दाखवणारे स्क्रीनशॉट. हे शेवटचं फार महत्त्वाचं, नाहीतर ते म्हणतात तुम्ही मुद्दाम महाग जागा घेतली. आयोगाची नोटीस पोचल्यावर महिन्याभरात त्यांचाच फोन आला, ३८,००० आणि वर १०,००० देऊन मिटवलं. झोपलो कुठे म्हणाल तर म्हापशाला एका लॉजवर, दोन खोल्यांत आठ जण.

नवी सूनबाई, डोंबिवली

माझा प्रश्न आहे. युरोपचा शेंगेन व्हिसा, राहण्याचा पुरावा लागतो, अपॉइंटमेंटच्या चार दिवस आधी पॅरिसच्या मालकिणीने रद्द केलं. मी घाबरून फुकट रद्द करता येईल असं हॉटेल घेऊन कागद बदलले आणि व्हिसा मिळाला, पण आता तिथे तेच ठेवू का परत घर शोधू?

आयटीवालीचं उत्तर: हॉटेलच ठेव गं, दुसऱ्यांदा असं झालं तर परक्या देशात बॅगा घेऊन उभी राहशील.

अलिबागकर

एक सावधगिरीची गोष्ट. माझ्या मेहुण्याला नागावचा एक बंगला "रद्द" झाल्याचा फोन आला आणि रिफंडसाठी क्यूआर कोड पाठवला. त्याने स्कॅन करून पिन टाकला, आणखी १८,००० गेले. बंगला खरा होता, मालक खरा नव्हता, फोटो उचललेले. पैसे मिळवायला कधीच स्कॅन करायचं नसतं, पिन तर अजिबात टाकायचा नसतो. लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, त्यातले ११,००० बँकेने गोठवले आणि नंतर मिळाले. अर्धा तास उशीर झाला असता तर तेही गेले असते.

धागाकर्ती, पुणे

सगळं वाचलं, दोनदा. गुहागरच्या ताई, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून: आमचे २७,००० तेविसाव्या दिवशी पूर्ण परत आले. ते घर ऍपवर अजून दिसतं, मी तारखांसकट परीक्षण लिहिलंय. वायरीच्या बाईंचा नंबर इथे टाकत नाही, त्यांना विचारलेलं नाही. मे महिन्यात आम्ही परत त्यांच्याचकडे जातोय, या वेळी दोन दिवस आधी फोन करून विचारलं, पाणी आहे ना हो, तर त्या म्हणाल्या विहीर भरलेली आसा, तुम्ही या. सासूबाईंनी त्यांच्यासाठी थालीपीठाची भाजणी दळून आणलीय, तीन किलो, डबा दारातच ठेवलाय.